धुरा, पाट आणि पांदण



आषाढाचे दिवस आहेत असे समजा. पाऊस बऱ्यापैकी झाला आहे, बांध्यांत चिखलणी चालू आहे, पऱ्हे लावण्याजोगे झाले आहेत आणि रोवणीला बायाही ठरल्या आहेत. आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावी हे चित्र दिसेल. मग ते गाव पवनीकडचे असो, साकोलीकडचे असो की लाखांदूरकडचे. अशा वेळी पऱ्ह्यांच्या पेंढ्यांनी भरलेली एक बंडी शिवारात अडते. नाल्याला पूर आला म्हणून नव्हे, की बैल बसला म्हणूनही नव्हे. ती अडते एका धुऱ्यापाशी. धुऱ्यावर बाभळीच्या फांद्या टाकलेल्या आहेत आणि पलीकडे त्या शेताचा धनी उभा आहे.

“काकाजी, बंडी जाऊ द्या जी. पऱ्हे वाळून राहिले.”

“कशी जाऊ देऊ बाबू? तुझी बंडी गेली का माझी बांधी फुटते. तुझ्या बापाला मी भलेपणानं जाऊ दिलं होतं. ते का सातबाऱ्यावर लिहून हाय?”

“पण तीस वर्षांपासून आमी इथूनच जाऊन राहिलो ना जी!”

“तीस वर्षं जाऊ दिलं म्हणून का वावर तुझं झालं?”

बोला, यात खरे कोणाचे? ऐकताना पुतण्याची दया येते, कारण रोवणीचे दिवस हातचे गेले तर धान पुढे साथ देत नाही. पण काकांचे म्हणणेही टाकून देण्यासारखे नाही. बांधी त्यांची, घाम त्यांचा, आणि भलेपणाने दिलेली सवलत उद्या गळ्यात पडणार असेल तर शेजारधर्म पाळावा तरी कोणी? असे हे दोघेही अर्धे खरे आहेत. उरलेले अर्धे खरे कुठे सापडते, ते आज आपल्याला पाहावयाचे आहे.

या प्रश्नाला उत्तर देणारा कायदा फार जुना आहे. १८८२ सालचा भारतीय सुविधाधिकार अधिनियम असे त्याचे नाव. कोर्टकचेरीत त्याला ‘ईझमेंटचा कायदा’ म्हणतात आणि गावात आपण त्या हक्काला सरळ ‘वहिवाट’ म्हणतो. गंमत अशी, की हा कायदा पुण्या-मुंबईच्या आधी आपल्याकडे आला. भंडारा त्या वेळी मध्य प्रांतात होता, आणि हा कायदा प्रथम मद्रास, मध्य प्रांत व कुर्ग एवढ्याच मुलखांत १ जुलै १८८२ पासून लागू झाला. मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये लावण्यात आला. तेव्हा आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या काळापासून हा कायदा आपल्या धुऱ्यांवर उभा आहे; आपण मात्र त्याची ओळख भांडण झाल्यावरच करून घेतो.

हा हक्क म्हणजे नेमके काय? आपली जमीन नीट उपभोगता यावी म्हणून दुसऱ्याच्या जमिनीवर काही करण्याचा, किंवा त्याने तेथे अमुक एक करू नये असे म्हणण्याचा जो हक्क, तो सुविधाधिकार. त्याच्या शेतातून बंडी नेणे, त्याच्या बांधीतून पाट काढणे, ही त्याची नेहमीची उदाहरणे. यात दोन जमिनी असतात. जिला फायदा मिळतो ती फायद्याची जमीन आणि जिच्यावर भार पडतो ती भाराची जमीन. आजच्या बोलण्यात आपण हेच दोन शब्द वापरू.

येथे दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. पहिली ही, की हा हक्क माणसाला चिकटलेला नसून जमिनीला चिकटलेला असतो. पुतण्याने आपले शेत विकले तर असलेली वाट नव्या मालकाकडे जाते. काकांनी आपले शेत विकले तर घेणाऱ्याच्या डोक्यावर तो भारही जातो. म्हणून शेत विकत घेताना नुसता सातबारा पाहून भागत नाही. शेतात उभे राहून वाट कोठून येते आणि पाणी कोठून जाते हे डोळ्यांनी पाहावे लागते. दुसरी गोष्ट, हा हक्क म्हणजे मालकी नव्हे. वाटेखालची माती काकांचीच राहते. पुतण्याला त्या वाटेवर झाड लावता येत नाही, कुंपण घालता येत नाही, की ‘ही पट्टी आता माझी’ असे म्हणता येत नाही. काकांची धास्ती मुख्यतः हीच होती, आणि कायद्याने ती दूर केलेली आहे.

आता हा हक्क मिळतो तरी कसा? त्याला चार दारे आहेत.

पहिले दार देण्याघेण्याचे. मालकाने स्वखुशीने, मोबदला घेऊन किंवा न घेता, कायमची वाट दिली तर ती झाली दिलेली वाट. असे कायमचे देणे असेल तर त्याचा दस्त करून तो नोंदवून घ्यावा, हेच शहाणपणाचे.

दुसरे दार नाइलाजाचे. समजा, दोन भावांच्या वाटण्या झाल्या. रस्त्याकडची बाजू थोरल्याला आली आणि मागची धाकट्याला. धाकट्याच्या हिश्श्याला जायला थोरल्याच्या हिश्श्यातून जाण्याखेरीज दुसरा मार्गच नाही. अशा वेळी वाटणीपत्रात वाटेचा शब्द नसला तरी कायदा धाकट्याला वाट देतो. मात्र ती कोठून द्यावयाची हे ठरविण्याचा मान थोरल्याचा; ती वाट जाण्यायेण्याला वाजवी सोयीची असली म्हणजे झाले. शिवाय नाइलाज म्हणजे खरोखरच नाइलाज हवा. ‘पांदणीने गेले तर अर्धा कोस फेरा पडतो, भावाच्या शेतातून जवळ पडते’ हा नाइलाज नव्हे, ही सोय झाली. आणि उद्या धाकट्याच्या शेताला दुसरीकडून रस्ता मिळाला, तर नाइलाजाची ही वाट आपोआप संपते. आज आपल्या जिल्ह्यात वाटण्यांनी शेतांचे तुकडे होत चालले आहेत. तेव्हा वाटणीपत्र लिहिताना एकराचा हिशेब करता तसाच वाटेचा आणि पाटाचाही करा.

तिसरे दार वहिवाटीचे, आणि आपल्या काका-पुतण्यांची बंडी अडली आहे ती याच दारात. शांतपणे, उघडपणे, हक्क म्हणून आणि मध्ये खंड न पडता वीस वर्षे एखादी वाट किंवा पाट वापरला, तर तो कायम हक्क बनतो. भाराची जमीन सरकारी असेल तर मुदत तीस वर्षांची आहे. पूर्वी ती साठ वर्षांची होती. आणि ही वर्षे कधी काळची जुनी असून चालत नाहीत. दावा लावण्याच्या आधीच्या दोन वर्षांपर्यंत तरी ती वहिवाट चालत आलेली असली पाहिजे.

यातला ‘हक्क म्हणून’ हा शब्द सगळ्यांत महत्त्वाचा आहे. दरवर्षी मृग लागला की काकांच्या घरी जाऊन ‘यंदाही जाऊ द्या जी’ असे म्हणत पुतण्याचा बाप बंडी नेत असेल, तर ती परवानगी झाली. परवानगीने तीस काय, पन्नास वर्षे गेलात तरी ती परवानगीच राहते. पण कोणाला न विचारता, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आपलीच वाट म्हणून तो जात असेल, वाट फुटली तर स्वतः माती टाकून दुरुस्त करीत असेल आणि काकांनी वीस वर्षांत कधी हरकत घेतली नसेल, तर तेथे हक्क उभा राहिला. मध्येच कोणी एक दिवस काटे टाकले म्हणून लगेच खंड पडत नाही. अडवणूक कळल्यावर ती वर्षभर मुकाट्याने सोसली तरच कायदा त्याला खंड मानतो. म्हणून अडवणुकीवर गप्प बसणारा वाट वापरणारा जसा गमावतो, तसाच वापरावर वीस वर्षे गप्प बसणारा जमीनमालकही गमावतो.

चौथे दार गावच्या रूढीचे. गावच्या सगळ्या शेतकऱ्यांनी गायरानात गुरे चारावी अशी पूर्वापार चाल असेल, तर तो हक्क एका शेताचा नसून गावच्या शेतकऱ्यांचा असतो. आपल्याकडे अशा चाली बंदोबस्ताच्या वेळी लिहून ठेवण्याची पद्धत होती. त्या कागदाचे नाव वाजिब-उल-अर्ज. जुन्या मंडळींना हे नाव माहीत आहे. तरुणांनी ते पाठ करून ठेवावे, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता पाण्याकडे वळू. आपला जिल्हा तलावांचा आणि धानाचा, त्यामुळे येथे वाटेपेक्षा पाण्याचे तंटे जास्त. त्यातही पावसाचे पाणी निराळे आणि तलावाचे निराळे.

वरच्या बांधीत पडलेले पावसाचे पाणी उताराने खालच्या बांधीत येते. ते येऊ देणे खालच्या मालकावर बंधनकारक आहे. त्यासाठी वीस वर्षांची वहिवाट लागत नाही. हा निसर्गानेच दिलेला हक्क आहे. तेव्हा खालच्याने आडवा बांध घालून वरच्याचे शेत बुडवले तर तो कायद्याचा गुन्हेगार नसला तरी दाव्याला पात्र ठरतो. पण याची दुसरी बाजू पुष्कळांना माहीत नसते. ‘वरून वाहून येणारे हे पाणी मला वर्षानुवर्षे मिळत आले आहे, म्हणून ते मिळालेच पाहिजे’ असे खालच्याला म्हणता येत नाही. जे पाणी ओढ्यानाल्यातून वाहत नाही, की तळ्यात कायम साठलेले नाही, अशा मोकळ्या पाण्यावर नुसत्या वहिवाटीने हक्क मिळत नाही. वरच्याने आपल्या शेतात बोडी खोदून ते अडवले तर खालच्याला वीस वर्षांचा दाखला देऊन तक्रार करता येणार नाही. थोडक्यात, आलेले पाणी खालच्याने झेलले पाहिजे. न आलेले मात्र त्याला मागता येत नाही.

तलावाच्या पाण्याची कथा याहून मोठी आहे. आपल्या भागातले जुने तलाव कोणी बांधले हे तुम्हांला सांगावयास नको. कोहळी समाजाचे हात या कामात सराईत होते. साकोली तालुक्यातला शिवनीबांध, आणि १ मे १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेला, आता गोंदियात गेलेला नवेगावबांध, हे त्या परंपरेचे मोठे नमुने. तलाव बहुधा मालगुजाराच्या नावावर असे, पण त्याच्या पाण्यावर खालच्या रयतेचे ओलीत चाले. कोणाच्या शेताला किती पाणी, पाट कोणी साफ करावयाचा, पाळ फुटली तर माती कोणी टाकावयाची, याच्या चाली ठरलेल्या असत.

मग १९५० चा मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा आला आणि ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. त्या वेळी तलावांचे काय करावयाचे हा प्रश्न निघाला. कायद्याने जी कसोटी लावली ती आजच्या विषयाच्या अगदी मुळाशी जाते. कोणाच्या कब्जाच्या शेतात नसलेल्या तलावांपैकी ज्याच्या पाण्यावर मालकाखेरीज दुसऱ्या कोणाचाही ओलिताचा हक्क नाही, तो जुन्या मालकाकडे राहू शकला. ज्याच्या पाण्यावर रयतेचा हक्क होता, तो सरकारजमा झाला. म्हणजे पाहा, पाटाखालच्या साध्या शेतकऱ्याचा पाणी घेण्याचा हक्क एवढा वजनदार ठरला, की त्याने अख्ख्या तलावाची मालकी फिरवली! ज्या गावी तो हक्क कागदावर नीट उतरलेला होता, त्या गावाची बाजू भक्कम होती. जेथे सगळे तोंडी होते, तेथे म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या साक्षीवर भिस्त ठेवावी लागणार होती.

तेच तलाव आज ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जातात. हा मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे. ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. त्यांपैकी पुष्कळसे आता जिल्हा परिषदेकडे आहेत. सार्वजनिक तलावातून पाणी केव्हा आणि किती सोडावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार शासनाचा आहे आणि सुविधाधिकाराच्या कायद्याने तो मुद्दाम राखून ठेवलेला आहे. पण तलावाच्या तोंडातून पाणी बाहेर पडले, की ते एका शेतकऱ्याच्या बांधीतून दुसऱ्याच्या बांधीत जाते. तेथे जिल्हा परिषद नसते, तेथे तुम्ही आणि तुमचा शेजारीच असता. वरच्याने पाटाचे तोंड बुजवले की शेवटच्या बांधीतले धान निसवण्याच्या वेळीच वाळते. अशा पाटाची जुनी वहिवाट असेल तर ती वर सांगितलेल्या नियमांनी राखता येते. आणि पाटच नसेल तर? महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ४९ व्या कलमाखाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. शेजाऱ्याशी समझोता झाला नाही तर तहसीलदार चौकशी करून, त्याचे कमीत कमी नुकसान होईल अशा बेताने आणि त्याला मोबदला देण्याच्या अटीवर, त्याच्या जमिनीतून पाट नेण्याची परवानगी देऊ शकतो.

इथपर्यंत ऐकून काका म्हणतील, ‘म्हणजे सगळे कायदे वाट मागणाऱ्याचेच! मालकाला कोणी वाली आहे की नाही?’ आहे, आणि चांगला भक्कम आहे.

पहिले असे, की हक्क असला तरी तो मालकाला कमीत कमी त्रास होईल अशा रीतीने वापरला पाहिजे. रोवलेल्या बांधीच्या मधून बंडी घालण्याऐवजी धुऱ्याच्या कडेने जाता येत असेल, तर कडेनेच गेले पाहिजे. दुसरे असे, की एका प्रकारच्या वाटेत दुसऱ्या प्रकारची वाट येत नाही. जुन्या रोमन लोकांच्या कायद्यात पायवाट, गुरे हाकण्याची वाट, गाडीवाट आणि पाण्याचा पाट असे चार निरनिराळे हक्क मानलेले होते. आपला कायदाही तेच म्हणतो. वीस वर्षे डोक्यावर भारा घेऊन पायी गेलात म्हणून एकविसाव्या वर्षी त्याच वाटेने ट्रॅक्टर आणि धान कापण्याचे भले मोठे यंत्र नेण्याचा हक्क तुम्हांला मिळत नाही. तिसरे, भार वाढविता येत नाही. ज्या शेतासाठी वाट आहे त्यासाठीच ती वापरावी. पलीकडे आणखी चार एकर घेतले आणि त्याचाही माल याच वाटेने काढला, हे चालत नाही. चौथे, पाट किंवा नळ दुरुस्त करण्यासाठी शेजाऱ्याच्या शेतात शिरता येते, पण काम झाल्यावर खणलेली माती होती तशी करून द्यावी लागते. पाचवे, सलग वीस वर्षे न वापरलेली वाट संपते. आणि सहावे, दोन्ही शेते एकाच मालकाची झाली तरी ती संपते, कारण आपल्याच जमिनीवर आपलाच भार कसला?

मग उपकार म्हणून वाट देणाऱ्या मालकाने काय करावे? भले मनाने जरूर द्यावी, पण साध्या कागदावर लिहून द्यावी : ‘अमुक हंगामापुरती ही परवानगी दिली आहे, हा कायमचा हक्क नाही.’ घेणाऱ्यानेही त्यावर आनंदाने सही करावी. असा कागद असला म्हणजे मालकाला भीती राहत नाही आणि भीती नसली म्हणजे काटे टाकण्याचे कारणही उरत नाही. मात्र मालकांनी एक विसरू नये. तुमच्या परवानगीच्या भरवशावर शेजाऱ्याने पदरचा पैसा घालून पक्की मोरी किंवा नळ असे कायमचे काम केले असेल, तर ती परवानगी पुढे मनात येईल तेव्हा मागे घेता येत नाही.

आता समजा, हक्क आहे आणि तरीही वाट अडवली. अशा वेळी रक्त तापते. चार माणसे घेऊन, कुऱ्हाड आणि फावडे घेऊन काटे दूर करावेत असे वाटते. तेथेच थांबा! वाट अडवणे गैर असले तरी तो अडथळा आपल्या हाताने दूर करता येणार नाही, असे या कायद्याने साफ म्हटले आहे. ज्याने काटे टाकले तो चुकला, पण ते उपटण्याच्या भरात हाणामारी झाली म्हणजे दिवाणी तंट्याची फौजदारी होते. मग पऱ्हे राहतात बाजूला आणि दोन्ही घरांचे कर्ते पुरुष तारखांना हिंडतात.

यासाठी जवळचे दार आहे तहसील कचेरीचे. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या पाचव्या कलमाखाली, शेताची वहिवाटीची वाट, पाट, विहीर-तलावाचे पाणी किंवा पावसाच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कोणी अडवला, तर तहसीलदार तो अडथळा काढण्याचा हुकूम देऊ शकतो. पण मुदत फक्त सहा महिन्यांची! अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लागला पाहिजे. ‘दिवाळीनंतर पाहू, पोरीचे लग्न उरकू, मग पाहू’ असे म्हणता म्हणता ही मुदत निघून जाते, आणि आमचे पुष्कळ बांधव येथेच हरतात. ही मुदत गेली तर दिवाणी न्यायालयाचा रस्ता असतो, पण तो लांबचा आणि खर्चाचा.

आणि जेथे वाटच नाही तेथे? तेथे जमीन महसूल संहितेचे १४३ वे कलम पाहावे. आपल्या शेतात जाण्यासाठी इतरांच्या शेतांच्या सीमेवरून, म्हणजे धुऱ्यावरून, वाट मिळावी असा अर्ज तहसीलदाराकडे करता येतो. शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्याची वाजवी सोय हवी, ही गरज ध्यानात घेऊन तहसीलदार निर्णय देतो. तो ज्याला मान्य नसेल त्याने एक वर्षाच्या आत दिवाणी दावा लावावा. मे २०२५ मध्ये महसूल विभागाने आणखी एक चांगले पाऊल टाकले : शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात घ्यावी असे ठरविले. काकांनी विचारले होते ना, ‘ते का सातबाऱ्यावर लिहून हाय?’ आता ते लिहून घेण्याची सोय झाली आहे. ज्यांच्या वाटेचा निकाल लागला असेल त्यांनी ही नोंद करून घेण्यास विसरू नये.

कोणत्याही कचेरीत जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. पुरावा जमवा. गावचा नकाशा काढा. त्यावर गाडीवाट दोन तुटक रेषांनी आणि पायवाट एका तुटक रेषेने दाखविलेली असते. बंदोबस्ताची जुनी मिसल पाहा, निस्तार पत्रक पाहा आणि मघाशी सांगितलेला वाजिब-उल-अर्ज मागा. विदर्भासाठी या दोन्ही कागदांची तरतूद आजच्या महसूल संहितेतही कायम आहे, आणि ओलिताच्या, वाटेच्या चाली वाजिब-उल-अर्जातच लिहावयाच्या असतात. जुन्या खरेदीखतातली चतुःसीमा वाचा. ‘पूर्वेस पांदण’ एवढे दोन शब्दही कधी कधी खटला जिंकून देतात. जुना खसरा नंबर आणि आजचा गट नंबर यांचा मेळ घालून ठेवा. गावात ऐंशीच्या घरातले जे दोन-चार म्हातारे उरले असतील, त्यांना वाट आणि पाट विचारून घ्या, कारण त्यांच्या आठवणी हे गावाचे न लिहिलेले दप्तर आहे. आणि खिशात मोबाईल असतोच. पेरणीपूर्वी व कापणीनंतर आपल्या वाटेचे चित्र काढून ठेवण्याला पैसा लागत नाही.

आता आपल्या काका-पुतण्यांकडे परत जाऊ. ते अजून धुऱ्यावरच उभे आहेत. त्यांना चार प्रश्न विचारले पाहिजेत. पुतण्याच्या शेताला दुसरी वाट आहे काय? तीस वर्षे तो गेला तो विचारून गेला, की हक्क म्हणून? गेला तो पायी गेला, की बंडीने? आणि नकाशा काय म्हणतो? या चारांची खरी उत्तरे गावातच मिळतात. ती दोघांनाही मनातून माहीत असतात. पुष्कळदा असे दिसेल, की वाटेचा हक्क पुतण्याचा आहे, पण बांधीच्या मधून जाण्याचा नाही. मग बंडी धुऱ्याच्या कडेने न्यावी, फुटलेली बांधी पुतण्याने बांधून द्यावी, रोवणी झाल्यावर कापणीपर्यंत जड वाहन घालू नये, असे ठरविणे कठीण नाही. ते कागदावर लिहावे : दोघांचे गट नंबर, वाट कोणत्या बाजूने, किती हात रुंद, कोणत्या वाहनासाठी, कोणत्या दिवसांत, दुरुस्ती कोणाची, आणि हा हक्क आहे की परवानगी. दोघांच्या सह्या, दोन पंचांच्या सह्या. कायमचा हक्क ठरला असेल तर त्याचा नोंदणीकृत दस्त.

हा कागद रोवणीच्या दिवशी, काटे टाकलेल्या धुऱ्यावर उभे राहून होत नाही. तो उन्हाळ्यात, धान विकून झाल्यावर, ओट्यावर चहा घेताना होतो. आपल्याकडे गोड संबंध असताना कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे असे समजतात. खरे पाहता, विश्वास आहे तोवरच कागद होतो. तो गेल्यावर फक्त खटला होतो. काकांचे आणि पुतण्याच्या बापाचे गोड होते, म्हणून काही लिहिले गेले नाही. आज बाप नाही, आणि तो काय म्हणून जात होता हे सांगणारा काकांशिवाय कोणी उरला नाही.

तुमच्याही शेताला कोणाची तरी वाट लागते आणि तुमच्याही बांधीतून कोणाचे तरी पाणी जाते. येत्या उन्हाळ्यात एकदा नकाशा घेऊन आपल्या चारही धुऱ्यांवरून फिरा, आणि शेजाऱ्यालाही सोबत घ्या.